जुन्या मोटारीला नवें इंधन

अलिबागेच्या खाऱ्या वाऱ्यांत मोटारीचा पत्रा लवकर गंजतो. पण वडिलांच्या वेळची मोटार मोडींत काढावयास मन धजत नाहीं. मग पेट्रोलचा खर्च डोईजड झाला, कीं घरांत प्रश्न निघतो: ही मोटार गॅसवर चालवितां येणार नाहीं काय? येईल; परंतु हा प्रश्न केवळ पैशांचा हिशेब करून सोडवूं नये, असें आम्हांस वाटतें.

असा बदल पूर्वींही झाला आहे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां आपल्या देशांत कित्येक मोटारी व बसगाड्या लोणारी कोळशाच्या वायूवर चालत. गाडीला शेगडीवजा उंच टाकी जोडीत. तींत कोळसा अपुऱ्या हवेंत जळला, कीं कार्बन मोनॉक्साइड व थोडा हायड्रोजन निघे. तो वायु गाळून इंजिनांत जाई. त्यांत निरुपयोगी नायट्रोजनच फार, म्हणून चढावावर गाडीला दम लागे. राख काढणें व गाळण्या साफ करणें हें रोजचें काम होतें. शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद जागेंत तो साचला तर माणूस दगावतो. पेट्रोल पुन्हा मिळूं लागतांच त्या टाक्या मागें पडल्या.

आज मोटारींत वापरतात तो नैसर्गिक वायु, म्हणजे मुख्यत्वें मिथेन. अलिबागकरांना तो परका नाहीं. जवळच थळच्या कारखान्यांत त्यापासून युरिया खत तयार होतें. मोटारीसाठीं तो हवेच्या दाबाच्या सुमारें २०० पट दाबानें पोलादी टाकींत भरतात. इंजिनाची शक्ति थोडी घटते व सामानाची जागा अडते. मात्र पेट्रोलवर चालण्याची सोय कायम राहते. हा वायु हवेहून हलका असल्यानें गळला तर वर निघून जातो. स्वयंपाकाचा गॅस जड असतो व खालीं साचतो. म्हणून घरगुती सिलिंडर मोटारीला जोडण्याचें साहस कोणीं कधींही करूं नये.

प्रथम इंजिन तपासून घ्यावें. झिजलेल्या इंजिनावर हा खर्च करूं नये. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढील नूतनीकरण ५ वर्षांचें. तेवढ्या अवधींत खर्च भरून निघेल काय, तें पाहावें. संच सरकारमान्य असावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें हा बदल नोंदणीपुस्तकांत नोंदवावा व विमा कंपनीसही कळवावा. टाकीची दाबपरीक्षा दर ३ वर्षांनीं करावी लागते. समुद्रकांठच्या मंडळींनीं तर प्रत्येक पावसाळ्यानंतर टाकीचे पट्टे व नळीचे सांधे गंजले नाहींत ना, हें जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावें.

एवढी दक्षता घेणें ज्या घराला जमणार नाहीं, त्यानें मोटार पेट्रोलवरच ठेवावी आणि कमी फिरवावी. मागच्या बैठकीवर घरचीं मुलें ज्या टाकीकडे पाठ करून बसणार, तिच्या बाबतींत काटकसर नको.