मुळशी पेट्यांतील सत्याग्रह आणि त्याचे कागद

जुना कागद म्हटला म्हणजे तो मोडींत लिहिलेला, शिक्कामोर्तबाचा आणि निदान पेशवाईअखेरचा असला पाहिजे, अशी आपल्या संग्राहकांची समजूत होऊन बसली आहे. दप्तर सोडलें कीं सनदा, वतनपत्रें, महजर व निवाडे आपण आदरानें बाजूस काढतों; त्याच रुमालाच्या तळाशीं सांपडणाऱ्या इंग्रजी अमलांतील छापील नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या आणि सभांचीं पत्रकें मात्र रद्दीच्या वाटेला लागतात. ही समजूत इतिहासाला किती घातक आहे, हें मुळशी पेट्यांतील धरणविरोधी सत्याग्रहाच्या उदाहरणावरून दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. संकल्पित वीजयोजनेविरुद्ध एका खोऱ्यांतील शेतकरी कसे एकवटले, आणि ती एकजूट कोठें व कां उसवली, हे प्रश्न केवळ राजकारणाचे नाहींत. ते कागद वाचण्याच्या पद्धतीचेही आहेत.

प्रथम हकीकत. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारें पावसाचें पाणी धरणांत अडवावयाचें, तें नळांतून घाटाखालीं कोंकणांत सोडावयाचें आणि त्या वेगावर उत्पन्न होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांस पुरवावयाची, ही कल्पना टाटांच्या उद्योगांत विसाव्या शतकाच्या आरंभींच मूळ धरून होती. लोणावळ्याच्या परिसरांतील तलावांचें पाणी वापरणारें खोपोलीचें वीजगृह १९१५ त चालू झालें. त्यामागोमाग आंध्रा खोऱ्यांतील ठोकरवाडीचें धरण व भिवपुरीचें वीजगृह यांची उभारणी झाली. तिसरें पाऊल मुळशीचें. १९१९ सालीं टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. पुणें जिल्ह्यांत निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ मोठें धरण बांधून तेथील पाणी कुलाबा (आतां रायगड) जिल्ह्यांतील भिरा येथें सुमारें ५०० मीटर खालीं सोडण्याची योजना तिनें हातीं घेतली. या धरणाचा फुगवटा ज्या खोऱ्यांत पसरणार होता, तें आंबेमोहोर भातासाठीं नांवाजलेलें होतें. पन्नासांच्या आसपास गांवें आणि सुमारें ११,००० माणसें या योजनेनें निराधार होतील, असा हिशेब चळवळीच्या पुढाऱ्यांनीं लोकांपुढें मांडला.

जमीन घ्यावयाची ती १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वयें. या कायद्याचीं मुख्य कलमें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. कारण हातीं येणारा सुटा कागद कोणत्या पायरीवरील आहे, हें त्यांवरूनच ठरतें. चौथ्या कलमाखालीं जमिनीची आवश्यकता असल्याचा जाहीरनामा निघे. सहाव्याखालीं प्रयोजनाची पक्की घोषणा होई. नवव्या कलमाची नोटीस ही हितसंबंधी माणसांनीं आपापले हक्क व मोबदल्याची मागणी कळवावी, म्हणून असे. अकराव्या कलमान्वयें कलेक्टर निवाडा देई. तो मान्य नसल्यास अठराव्या कलमान्वयें प्रकरण कोर्टाकडे नेतां येई. तेविसाव्या कलमांत बाजारभाव व त्यावर सक्तीच्या संपादनाबद्दल शेंकडा १५ अधिक, असा मोबदल्याचा नियम होता. कंपनीकरितां जमीन घेण्याविषयीं तर सातवा भाग स्वतंत्रच होता. मात्र संपादनालाच हरकत घ्यावी व ती कलेक्टरानें ऐकून घ्यावी, असा हक्क देणारें कलम ५अ हें १९२३ च्या दुरुस्तीनें आलें. म्हणजे मुळशीकरांवर प्रसंग ओढवला तेव्हां कायदा त्यांस एवढेंच विचारीत होता कीं, तुमच्या जमिनीची किंमत काय? जमीन द्यावयाची आहे किंवा नाहीं, हा प्रश्न त्या छापील कागदावर नव्हताच.

जो प्रश्न सरकारी कागद विचारीत नव्हता, तो विचारण्यासाठीं सत्याग्रह उभा राहिला. त्याचे अग्रणी पांडुरंग महादेव बापट. हे मूळचे पारनेरचे. जन्म १८८० चा. नाशिक येथें उगम पावलेल्या अभिनव भारत संस्थेच्या क्रांतिकारक वर्तुळांत ते विलायतेस असतांना वावरले होते, आणि स्फोटकांची विद्या हस्तगत करून १९०८ त परतले होते. अशा पुरुषानें मुळशीस येऊन निःशस्त्र प्रतिकाराचा मार्ग स्वीकारावा, ही गोष्ट लक्षणीय होय. 'सेनापति' ही लोकांनीं दिलेली पदवीही त्यांस येथेंच प्राप्त झाली. त्यांच्या बरोबरीनें विनायकराव भुस्कुटे यांनीं खोऱ्यांत राहून संघटनेचा भार वाहिला व पुढें या लढ्याचा इतिहासही लिहिला. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांनीं आपली वाणी या कार्यास दिली; त्याकरितां १९२२ त त्यांस कारावासही घडला.

विखुरलेल्या वाड्यांवस्त्यांतील, बहुतांशीं निरक्षर अशा शेतकऱ्यांस एकत्र आणावयाचें, तर साधनें त्यांच्याच परंपरेंतून घ्यावीं लागतात. पहिलें साधन नांवाचें. या लोकांस 'मावळे' म्हणून हांक घालण्यांत आली. मावळा या शब्दासरशीं शिवकालाची स्मृति जागी होते. कुळंबी म्हणून दबून राहणारा माणूस त्या नांवानें ताठ उभा राहतो. दुसरें साधन शपथेचें. जीव गेला तरी जमीन सोडणार नाहीं, अशा आशयाच्या प्रतिज्ञा घेवविण्यांत आल्या. बेलभंडार उचलून केलेल्या शपथेचें बंधन ज्यांच्या पूर्वजांनीं पिढ्यान्‌पिढ्या मानलें, त्यांस ठरावाच्या छापील मसुद्यापेक्षां शपथेचें मोल अधिक वाटावें, हें स्वाभाविक होतें. तिसरें साधन तिथीचें. सत्याग्रहाचा आरंभ रामनवमीस, १६ एप्रिल १९२१ रोजीं करण्याचें ठरलें. त्या दिवशीं सुमारें १,२०० मावळे धरणाच्या जागीं जाऊन बसले, आणि काम थांबलें. पुरुषांप्रमाणें स्त्रियाही या लढ्यांत उतरल्या. त्याच महिन्यांत गांधीजींनीं 'यंग इंडिया'मधून मुळशीकरांविषयीं सहानुभूति व्यक्त केली. पुण्यांतील सभा व वृत्तपत्रें यांनीं चळवळीस बळ दिलें, आणि कंपनीनें काम कांहीं काळ तहकूब केलें.

येथवरची कथा एकजुटीची आहे. परंतु तहकुबीच्या त्या महिन्यांतच एकजुटीस चीर पडली. तिचें कारण समजण्यासाठीं खोऱ्यांतील जमिनीची मालकी पाहिली पाहिजे. राजेंद्र व्होरा यांनीं या सत्याग्रहाचा जो सविस्तर अभ्यास केला आहे, त्यांत एक गोष्ट ठळकपणें पुढें आली: जमिनीचा मोठा भाग गहाणानें वा खरेदीनें पुण्याच्या सावकारांकडे गेलेला होता, आणि पुष्कळसे मावळे आपल्याच पूर्वजांच्या शेतांत कुळें म्हणून राबत होते. धरण झालें तर सावकाराची जमीन जाऊन त्याच्या हातीं रोख रक्कम येणार. कुळाच्या हातचें शेत, घर व गांव जाऊन त्यास मिळणार तें थोडकें किंवा कांहींच नाहीं. कायद्यांतील 'हितसंबंधी' या शब्दाची व्याख्या रुंद होती खरी. पण मालकाच्या मर्जीवर जमीन कसणाऱ्या कुळाच्या हिताची किंमत ती काय होणार? मुंबई इलाख्यांत कुळांस कायद्याचें संरक्षण मिळण्यास १९३९ साल उजाडावें लागलें. तें अधिक व्यापक झालें १९४८ त.

अशा स्थितींत सावकार मंडळींचा कल वाढीव मोबदल्याकडे झुकला, आणि बापट व त्यांचे सहकारी 'धरणच नको' या मूळ प्रतिज्ञेवर राहिले. सावकारांस एकट्या लोभाचा दोष देऊन हा विषय निकालांत काढणें सोपें आहे. परंतु तें अपुरें होईल. कायद्यानें ज्यास फक्त किंमत विचारली, त्यानें किमतीविषयीं भांडावें, हें त्या कायद्याच्या चौकटीशीं सुसंगतच होतें. खरा विपर्यास असा कीं, ज्यांची शपथ सर्वांत मोठी होती, त्यांचें नांव त्या चौकटींत सर्वांत लहान होतें.

डिसेंबर १९२१ पासून सत्याग्रहाचें दुसरें पर्व सुरू झालें. बाहेरून स्वयंसेवक आले, तुरुंगवास झाले. पण फेब्रुवारी १९२२ त असहकाराची देशव्यापी चळवळ स्थगित झाली, मार्चमध्यें गांधीजींस अटक झाली, आणि देशांतील वातावरणच पालटलें. खोऱ्यांतील लोक एकेक करून मोबदला स्वीकारूं लागले. १९२४ च्या अखेरीस बापटांनीं मोजक्या साथीदारांसह आगगाडी अडविली. या वेळीं अहिंसेची मर्यादा बाजूस ठेवलेली होती. परिणामीं त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह संपला. भिऱ्याचें वीजगृह १९२७ त चालू झालें. ज्या वेळीं मुंबईच्या गिरण्यांतून ही वीज खेळूं लागली, त्या वेळीं मुळशीचीं भातखाचरें पाण्याखालीं होतीं.

आतां कागदांकडे वळूं. उद्यां एखाद्या संशोधकानें केवळ संपादनाचीं प्रकरणें समोर ठेवून मुळशीचा इतिहास लिहिला, तर तो काय लिहील? सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, खातेदाराचें नांव, मोबदल्याची रक्कम. आणि निष्कर्ष असा कीं, थोडी कुरकुर होऊन व्यवहार पुरा झाला. त्या कागदांत खोटें कांहीं नसेल. तरीही इतिहास खोटा होईल. कारण जे १,२०० लोक रामनवमीस धरणाच्या जागीं बसले, त्यांपैकीं कित्येकांचें नांव खातेदार म्हणून त्या प्रकरणांत येण्याचें कारणच नाहीं. त्यांचा माग काढावयाचा तर शपथेच्या याद्या, सभेचीं पत्रकें, वर्गणीच्या पावत्या, तुरुंगांतून आलेलीं पत्रें, गाइलेलीं पदें यांतूनच काढला पाहिजे. हींच साधनें घरोघर टिकलीं तर टिकतात; सरकारी दप्तरांत त्यांची जागा नसते.

महजरांशीं परिचय असलेल्या वाचकांस हा भेद चटकन पटेल. गोतसभेचा महजर होई तेव्हां पाटलाचा नांगर त्यावर येई, तसें सुताराचें किंकरें येई, न्हाव्याचा आरसा येई. ज्याच्या नांवावर शेत नाहीं, तोही गांवाचा साक्षी म्हणून कागदावर उमटे. ती व्यवस्था समतेची होती, असें मुळींच नव्हे. उच्चनीचता तीहि पुरेपूर पाळी. पण 'गांव' म्हणजे केवळ खातेदार, असें ती मानीत नव्हती. नवव्या कलमाच्या नोटिशीनें गांव मोडून त्याचीं खातीं केलीं. मुळशीच्या चळवळीनें खात्यांचें पुन्हां गांव करण्याचा यत्न केला. तिच्या यशापयशाचें मर्म मला येथें दिसतें.

हा प्रश्न अजूनही संपलेला नाहीं. महाराष्ट्रानें १९७६ त प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. संसदेच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें १८९४ चा कायदा रद्द केला. कुळें, वाटेकरी, शेतमजूर व कारागीर यांच्या कुटुंबांसही, तीन वर्षांच्या वहिवाटीची अट घालून, 'बाधित कुटुंब' या व्याख्येंत घेतलें. तथापि खासगी कंपनीसाठीं ८० टक्के बाधित कुटुंबांची जी पूर्वसंमति त्या कायद्यानें मूळांत सांगितली, ती मोजावयाची मुख्यतः ज्यांची जमीन वा स्थावर जाणार त्यांचीच. पुनर्वसनाच्या यादींत कूळ आलें. होकार-नकार विचारण्याच्या यादींत पूर्णपणें आलें नाहीं.

नाशिकच्या संग्राहकांस हें सांगण्याचें कारण उघड आहे. आपल्या जिल्ह्यांतही दारणेपासून गंगापूरपर्यंतचीं धरणें झालीं. इगतपुरीच्या डोंगरांत वैतरणेचें पाणी अडवून त्यावर वीज निघाली. एकलहऱ्यास औष्णिक केंद्र उभें राहिलें. अशा प्रत्येक ठिकाणीं नोटिसा निघतात, अर्ज होतात, सभा भरतात. आणि ते कागद कोणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटींत पडून राहतात. ते हातीं आल्यास तीन गोष्टी अवश्य कराव्या. एक, एका घरांतून आलेले कागद एकत्रच ठेवावे. नोटीस एका संग्रहांत आणि पत्रक दुसऱ्या संग्रहांत गेलें, तर दोहोंचा संबंध कायमचा तुटतो. दुसरी, कागद देणाराचें घर खातेदाराचें होतें, कुळाचें होतें कीं बलुतेदाराचें, याची नोंद त्याच दिवशीं करावी. तिसरी, घरांतील वृद्ध माणसास जें आठवतें, तें त्याच्याच शब्दांत, तारीख घालून उतरून घ्यावें. शेत पाण्याखालीं गेल्यावर त्याचा बांध दाखवितां येत नाहीं; पण तो कोठें होता आणि कोण कसत होता, हें सांगणारीं माणसें अद्याप भेटतात, तोंवर हें काम करून ठेवणें हें आपलें कर्तव्य होय.