जुन्या ट्रॅव्हलरचं अंतरंग

लग्नाचं वऱ्हाड, अष्टविनायक, चाकणची रात्रपाळी: टेम्पो ट्रॅव्हलर आपल्याला याच कामांमुळे ओळखीची. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ती 1987 मध्ये आणली. मूळ आराखडा मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनचा. जर्मनीतले हौशी लोक या व्हॅनच्या जुन्या गाड्या आतून सजवून कॅम्पर करतात, त्यात राहतात, देश पालथे घालतात. तसा कॅम्पर इथे करायचा म्हटलं, तर पहिला मुक्काम पडतो तो पदार्थविज्ञानात!

सीटा काढल्या, मॅटिंग उचललं, आतलं अस्तर उतरवलं की समोर येतो उघडा पत्रा. पोलाद फोमपेक्षा हजार पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून मे महिन्यात गाडी भट्टीसारखी तापते आणि माळशेजच्या थंड रात्री पत्रा झटकन गार होतो. आत झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात जवळपास अर्धा लिटर पाणी हवेत जातं. ते त्या गार पत्र्यावर थेंबाथेंबाने जमतं आणि अस्तरामागे, कुणाला न दिसता, गंज धरतो. आपल्याच श्वासाने गाडी गंजते, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा थक्क व्हायला होतं. उपाय मात्र सोपा आहे. एसीच्या डक्टवर लावतात तो काळा नायट्राइल फोम पत्र्याला जराही फट न ठेवता चिकटवायचा. त्याचे कप्पे बंद असल्यामुळे बाष्प पत्र्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. काचलोकर स्वस्त पडते, पण ती ओली झाली की ओलीच राहते.

आणि दरवाज्यांच्या तळाशी असलेली ती बारीक भोकं! काचेच्या फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. नवखा माणूस हमखास ती सीलंटने बुजवतो.

विजेचं गणित तर आणखी विलक्षण. घरात 120 वॉटचं उपकरण 230 व्होल्टवर अर्ध्याहून किंचित जास्त अँपिअर घेतं. 12 व्होल्टच्या बॅटरीवर तेवढ्याच कामाला 10 अँपिअर लागतात, म्हणजे प्रवाह सुमारे 19 पट. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे त्याच तारेत सुमारे 370 पट उष्णता तयार होते. घरची उरलेली वायर इथे वापरणं म्हणजे प्लायवूडच्या अस्तरामागे आग लपवून ठेवणं. वायर जाड हवी, बारीक तारांची हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

उरतात हादरे. नट कितीही आवळला तरी सैल का होतो, याचं उत्तर गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दिलं. आडव्या हादऱ्याने आट्या क्षणभर घसरतात आणि नट स्वतःच उलटा फिरू लागतो. स्प्रिंग वॉशर त्याला थोपवू शकत नाही. नायलॉक नट त्याहून कितीतरी भरवशाचा, कारण त्यातलं नायलॉनचं कडं आट्यांना घट्ट धरून ठेवतं. एकदा काढलेला नायलॉक मात्र पुन्हा वापरू नये, कडं झिजलेलं असतं.

पिंपरी-चिंचवडच्या हौशी माणसाचं भाग्य असं की हे सगळं जाणणारी माणसं त्याच्या सोसायटीतच राहतात. कुणी चाकणला वाहनांचं वायरिंग करतं, कुणी भोसरी एमआयडीसीत पत्रा वाकवतं, कुणी पावडर कोटिंग करतं. त्यांना विचारा. व्हिडिओ पाहून जे कळत नाही, ते चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत समजतं.

एक गोष्ट मात्र पान्याला हात लावण्याआधीच करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, आणि सीटांची संख्या ही त्यातलीच एक नोंद. मोटर कॅरव्हानसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅरव्हान पर्यटनाचं धोरणही आणलं. तेव्हा आधी एमएच-14 च्या आरटीओत जाऊन काय चालेल ते विचारून घ्या, मगच पहिली सीट काढा.