चढ श्वासाचा, उतार मांड्यांचा

नालासोपाऱ्याचा पूर्व-पश्चिम उड्डाणपूल पहाटे पाचला जवळजवळ रिकामा असतो. दुधाचे टेम्पो, एखाददुसरी रिक्षा आणि आम्ही सहा-सात जण. पुलाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पळत जायचं, चालत खाली यायचं, पुन्हा पळत वर. असं दहा वेळा. माथ्यावर पोहोचलं की खालून चर्चगेटची लोकल धडधडत जाते आणि पूल किंचित थरथरतो. धावणाऱ्यांच्या बोलीत याला ‘ब्रिज रिपीट’ म्हणतात. पश्चिमेला राहणाऱ्यांना घराजवळ मिळणारा चढ एवढाच.

वसई-विरारची पश्चिम बाजू म्हणजे समुद्राच्या पातळीला टेकलेली जमीन. भुईगाव, गास, निर्मळ, आगाशी. केळीच्या वाड्या, तळी, मिठागरं, खाडी. जोराच्या पावसात पाणी कित्येक दिवस हटत नाही, इतकं सगळं सपाट. इथल्या माणसाला सपाटीवर धावायची सवय आपोआप लागते. २०११मध्ये सुरू झालेल्या महापौर मॅरेथॉनने तर आमच्या गल्लीगल्लीतून धावणारी माणसं तयार केली. मीही त्यातलीच. पहिली हाफ मॅरेथॉन मी इथेच धावले. वसईतून निघून विरारला पोहोचेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेची मुलं, बँडवाले, पाण्याचे ग्लास धरून उभ्या असलेल्या बायका. मुंबईच्या मोठ्या शर्यतीत मिळणार नाही इतकी जवळची माणसं इथे भेटतात, आणि मी हे वसईची म्हणून बोलत नाही, तिथेही धावले आहे म्हणून बोलते.

पण सपाटीवर २ तास ६ मिनिटांत २१ किलोमीटर संपवणाऱ्या बाईला डोंगर काय करतो, हे कळायला मला साताऱ्याला जावं लागलं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२मध्ये सुरू झाली. पावसाळ्याच्या शेवटाला, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात ती होते. अंतर नेहमीच्या हाफचंच, २१.१ किलोमीटर. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावर जायचं आणि निम्मं अंतर झालं की वळून त्याच वाटेने खाली यायचं. म्हणजे पहिला अर्धा भाग चढ, दुसरा अर्धा उतार. २०१५ साली इथे २,६१८ जणांनी शर्यत पूर्ण केली आणि एका डोंगरावर एकाच वेळी सर्वाधिक माणसं धावल्याचा गिनीज विक्रम झाला. साताऱ्यात आजही रिक्षावाल्यापासून खानावळवाल्यापर्यंत सगळे या शर्यतीबद्दल आपल्या घरचं कार्य असल्यासारखं बोलतात.

जायचं ठरलं तेव्हा आमच्या गटातल्या काकांनी फर्मान काढलं, “पूल पुरे झाला. आता आईकडे चला.”

आई म्हणजे जीवदानी. विरार पूर्वेच्या डोंगरावर देवीचं देऊळ, आणि तिथवर तेराशेहून जास्त पायऱ्या. मुंबईतून येणारे भाविक त्या नवसाने चढतात, बरेचसे अनवाणी. आम्ही आठवड्यातून एकदा त्याच पायऱ्या धापा टाकत चढू लागलो. पायरीवर धावण्याचा एक नियम काकांनी पहिल्या दिवशी सांगितला: भाविकाला धक्का लागता कामा नये, आणि कुणी वाटेत थांबलं असेल तर आपण बाजूने चालत जायचं, ‘बाजूला व्हा’ म्हणायचं नाही. पायऱ्या त्यांच्या आहेत, आपण उसन्या घेतो.

पायऱ्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, पाऊल लहान करायचं. सपाटीवरची लांब ढांग चढावर टाकली की मांडीवर एकदम भार येतो आणि पाच मिनिटांत माणूस उभा राहतो. दुसरी गोष्ट शिकायला महिना गेला. चढावर वेगाकडे बघायचंच नाही, श्वासाकडे बघायचं. सोबतच्याशी चार शब्दांचं वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. दोनच शब्द निघायला लागले की धावणं सोडून भराभर चालायचं. डोंगरात चालण्याची लाज बाळगायची नसते. चढ तीव्र असेल तिथे पळणारा आणि झपाझप चालणारा जवळजवळ बरोबरच वर पोहोचतात, पण चालणाऱ्याच्या पायात पुढच्या अंतरासाठी काहीतरी शिल्लक असतं.

उतरताना मात्र आम्ही पायऱ्या सावकाश चालत उतरायचो, गुडघ्यांच्या भीतीने. सगळी चूक तिथे झाली. ती मला घाटात कळली.

शर्यतीच्या पहाटे साताऱ्यात बारीक पाऊस होता. आमच्यासारख्या समुद्रकाठच्यांना पहिलं जाणवलं ते हवेचं हलकेपण. वसईत ऑगस्टच्या पहाटे उभं राहिलं तरी घाम येतो आणि तो वाळत नाही. साताऱ्यात अंगावर शहारा आला. हजारो माणसं एका जागी, कुणी जागच्या जागी उड्या मारतंय, कुणी बिब, म्हणजे शर्यतीचा नंबर, छातीवर सरळ लावतंय, कुणी अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून हात जोडतंय. किल्ला धुक्यात अर्धाच दिसत होता. माझ्या कमरेच्या पट्ट्यात दोन सुकेळी होती. आगाशीकडची ही सुकेळी, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. मधासारखी गोड, चिवट, आणि पोटाला कधी त्रास न देणारी. दुकानातली महागडी एनर्जी जेल ज्यांना सोसत नाहीत, त्या वसईकर धावपटूंनी आपल्याच वाडीतली ही वस्तू एकदा करून पाहावी.

शहरातला भाग कसा संपला ते आठवत नाही, कारण साताऱ्याने तो आठवू दिला नाही. पोवई नाक्यावर ढोल, पुढे हलगी, गॅलऱ्यांतून टाळ्या. समर्थ मंदिर मागे पडलं, घाट सुरू झाला आणि आवाज एकदम थांबला. उरला तो हजारो बुटांचा ओल्या डांबरावरचा चपचप आवाज आणि श्वास. इतक्या माणसांचा श्वास एकत्र ऐकू येणं ही गोष्ट मी त्याआधी अनुभवली नव्हती. सपाटीच्या शर्यतीत लोक बोलतात, गाणी ऐकतात. घाटात सगळे आत वळतात.

वळणावर वळण येत गेलं. उजवीडावीकडे कातळावरून पाणी ओघळत होतं, रस्त्याच्या कडेला तेरडा फुललेला. मग ढगच रस्त्यावर उतरले आणि पुढची दहा माणसं सोडून काही दिसेना. मला ते बरं वाटलं. चढ किती उरलाय हे दिसत नसलं की पाय कमी तक्रार करतात. एका वळणावर डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली आजी उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “पळ बाई पळ, आलंच वरचं टोक.” टोक आणखी दोन किलोमीटर लांब होतं, पण तिच्या त्या खोट्यावर मी पुढची पाच वळणं पळाले.

वळणबिंदूला घड्याळात १ तास १९ मिनिटं झाली होती. पायऱ्यांची मेहनत फळली म्हणून मी खूश होते. आता काय, उतारच आहे. शेजारून पळणारा साताऱ्याचा एक मुलगा माझा आनंद बघून म्हणाला, “ताई, शर्यत आता सुरू झाली.”

पहिला किलोमीटर मजेत गेला. छाती मोकळी, श्वास शांत. मग वेग वाढू लागला तशी भीती वाटली, रस्ता ओला होता. मी प्रत्येक पावलाला टाच रोवून अंग मागे खेचू लागले. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला मांड्यांच्या पुढच्या बाजूला जळजळ सुरू झाली. बुटात बोटं पुढे आपटत होती. घाट संपून शहर लागलं तेव्हा मांड्या लाकडी झाल्या होत्या, आणि सपाटीवर, माझ्या हक्काच्या सपाटीवर, मला पळता येईना. पोटरीत गोळा आला. दोन वेळा कठड्याला धरून उभी राहिले. शेवटचे तीन किलोमीटर लोक ‘ताई, थोडंच राहिलं’ म्हणत होते आणि मी मान हलवत चालत होते. २ तास ४३ मिनिटं. चढायला जितका वेळ लागला, त्याहून जास्त उतरायला.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागलं. तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. बँकेत खुर्चीवर बसताना शेवटची वीतभर मी खाली पडतच होते. पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि महिन्याने गळाली.

असं का होतं, ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण घाटातल्या पहिल्या शर्यतीला जाणारे बहुतेक जण इथेच फसतात. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो, गाडीच्या ब्रेकसारखा. ताणलं जाणं आणि आवळणं एकाच वेळी झाल्याने स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. धाप लागत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही. दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचतं. जितका ब्रेक जास्त, तितकी इजा जास्त. दक्षिण आफ्रिकेत १९२१पासून चाललेली कॉम्रेड्स ही नव्वद किलोमीटरच्या आसपासची शर्यत एक वर्ष समुद्राकडून वर जाते आणि एक वर्ष वरून समुद्राकडे येते. तिथले मुरलेले धावपटू उताराच्या वर्षाला वचकून असतात, ते याच कारणाने.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की स्नायू हा मार लक्षात ठेवतो. एकदा बेताने उतार धावला की पुढचे काही आठवडे तसाच उतार त्याला कमी इजा करतो. म्हणजे उताराचीही तालीम करता येते. जीवदानीच्या पायऱ्या चालत उतरून आम्ही नेमकी तीच तालीम टाळत होतो.

पायऱ्या उताराच्या सरावाला योग्य नाहीतच, प्रत्येक पायरीवर गुडघ्याला ठोका बसतो. म्हणून पुढच्या वर्षी आम्ही तुंगारेश्वरला जाऊ लागलो. वसई पूर्वेला महामार्ग ओलांडला की तुंगारेश्वर अभयारण्याचं फाटक लागतं. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं हे जंगल २००३मध्ये अभयारण्य झालं. दहा मिनिटांपूर्वी कंटेनरांच्या रांगेतून आलेला माणूस इथे साग, ऐन आणि बांबूच्या सावलीत उभा असतो. महादेवाच्या देवळापर्यंत कच्ची वाट, तिला आडवे ओढे, आणि देवळाच्या पुढे डोंगरमाथ्याकडे चढत जाणारा खडबडीत रस्ता. बिबट्याचं घर आहे हे, म्हणून अंधारात शिरायचं नाही, एकट्याने नाही, कानात गाणी लावून तर मुळीच नाही. पावसाळ्यात धबधब्यांच्या बाजूला जाण्यावर बंदीचे आदेश निघतात, तेही पाळायचे. तिथे बुडून माणसं मेली आहेत.

काकांनी तिथे मला पुन्हा चालायला शिकवल्यासारखं पळायला शिकवलं. “नजर पायावर ठेवू नको. दहा-पंधरा फूट पुढे बघ.” “टाच टेकू नको, मधलं पाऊल टेक.” “हात पसर, तोल आपोआप राहील.” आणि सगळ्यात अवघड, “मागे रेलू नको. उताराला अंग दे.” अंग द्यायचं म्हणजे कमरेतून वाकायचं नाही, घोट्यापासून सगळं शरीर थोडं पुढे झुकवायचं आणि पावलं इतकी बारीक, इतकी चटचट टाकायची की एकाही पावलावर पूर्ण भार येऊ नये. शरीर हे मान्य करायला तयार नसतं, त्याला ते पडणं वाटतं. पहिल्या दिवशी शंभर मीटर उतरले आणि थांबले. पंधरा दिवसांनी अर्धा किलोमीटर. जुलैच्या अखेरीला एका सकाळी वाटेवरचे दगड आपोआप दिसायला लागले, पाय कुठे टाकायचा हे मला ठरवावं लागेना. बुटाची नाडीही बदलली, सगळ्यात वरच्या भोकातून ओवून घोट्याशी घट्ट, बोटांकडे सैल. नखं वाचली.

दुसऱ्या वर्षी साताऱ्यात चढायला मला १ तास २१ मिनिटं लागली, म्हणजे दोन मिनिटं जास्त. मुद्दाम लागू दिली. वळणबिंदूवर अर्धं सुकेळं खाल्लं, कोकमाचं पाणी प्यायले आणि घाटाला अंग दिलं. ढग तसेच होते, डांबर तसंच ओलं. शहरात आले तेव्हा पाय माझेच होते. शेवटच्या किलोमीटरला मी लोकांना हात करू शकले, एका चिमुरडीच्या तळव्यावर टाळीही दिली. एकूण २ तास २४ मिनिटं.

एक गोष्ट मात्र दोन्ही वर्षी खुपली. घाटाच्या कडेला, तेरड्याच्या झुडपांत, जेलची चकचकीत पाकिटं पडलेली होती. याच रस्त्याने पुढे कासचं पठार आहे, जागतिक वारशाच्या यादीतलं. भरलेलं पाकीट वर नेता येतं, तर रिकामं झाल्यावर खाली आणता येत नाही? स्वयंसेवक दुसऱ्या दिवशी वेचतात हे खरं, पण वारा त्यांच्या आधी वेचतो. आमच्या गटाने नियम केला आहे: ज्याच्या खिशात स्वतःचा कचरा परत आला नाही, त्याने पुढच्या रविवारी तुंगारेश्वरच्या वाटेवरचा गोळा करायचा.

यंदा वसई-विरारमधून घाटात धावायला पहिल्यांदा जाणार असाल, तर किमान दहा आठवडे आधी सुरुवात करा, आणि त्यातले निम्मे दिवस उताराला द्या. जीवदानीच्या पायऱ्यांवर यायचं तर मधल्या वारी, उजेड फुटताना या. मंगळवारी आणि रविवारी नको, नवरात्रात तर नकोच. त्या दिवशी पायऱ्या भाविकांच्या असतात.