वाट पाहणाऱ्या घरासाठी

मैत्रिणींनो, चैत्रातल्या एका हळदीकुंकवाची आठवण सांगते. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या आळीत एक काकू राहायच्या. त्यांचे यजमान १९७१ च्या लढाईत बेपत्ता झालेले. गेले असं सगळे म्हणत, पण डोळ्यांनी कुणी पाहिलं नव्हतं. काकू कपाळाला बारीकशी टिकली लावत आणि रात्री कडी घालण्यापूर्वी एकदा रस्त्याकडे बघत. त्यांना हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर बायकांची कुजबुज चाले. त्या वर्षी माझ्या आईनं त्यांना आवर्जून बोलावलं. कुंकवाची कोयरी पुढे धरून ती एवढंच म्हणाली, "वहिनी, तुमच्या मनाला येईल तसं करा." काकूंनी कुंकवात बोट टेकवलं आणि कितीतरी वेळ ते तिथंच राहिलं.

२०२४ च्या सप्टेंबरअखेरीची एक बातमी वाचली आणि काकू पुन्हा डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ विमान खराब हवामानामुळे माघारी फिरलं आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसं झालं. आत १०२ माणसं होती. पस्तीस वर्षं काहीच थांग लागला नाही. २००३ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका हिमनदीवर गिर्यारोहकांना विमानाचे अवशेष दिसले. पुढे लष्करानं पुन्हा पुन्हा मोहिमा काढल्या, तरी २०१९ पर्यंत अवघे पाच देह हाती आले. २०२४ मध्ये आणखी चार मिळाले. त्यांतला एक केरळमधला जवान गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. छप्पन्न वर्षांनी तो गावी परतला तेव्हा आईवडील राहिले नव्हते. पिकल्या केसांच्या भावंडांनी त्याला निरोप दिला.

इतक्या वर्षांनी बर्फ माणूस परत कसा देतो, असं तुम्हाला वाटेल. हिमनदी दिसते स्थिर, पण ती फार सावकाश उताराकडे सरकत असते. वर गाडलेलं खाली येतं आणि बर्फ वितळला की उघडं पडतं. सियाचीनमध्येही असंच झालं. मे १९८४ मध्ये कुमाऊँ रेजिमेंटचे लान्स नायक चंद्रशेखर हरबोला हिमकड्याखाली सापडले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांचा देह मिळाला. ओळख पटली ती लष्करी क्रमांक कोरलेल्या धातूच्या बिल्ल्यावरून. घरी पत्नी होती, आणि वडील गेले तेव्हा अगदी लहान असलेल्या, आता मोठ्या झालेल्या दोन मुली. अडतीस वर्षांनी त्या घरानं अग्नी दिला.

बिल्ला, खिशातला कागद असं काही नसेल, तर हाडं आणि दात बोलतात. शेवटी डीएनए तपासतात. यात आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. डीएनएचा एक प्रकार आईकडूनच मुलांकडे येतो आणि जुन्या हाडांतूनही तो बऱ्याचदा मिळू शकतो. म्हणून बेपत्ता जवानाची आई, सख्खी बहीण, किंवा त्या बहिणीची मुलंसुद्धा नमुना देऊ शकतात. जवानाच्या स्वतःच्या मुलांचा नमुना दुसऱ्या प्रकारच्या तपासणीत कामी येतो. पत्नीच्या रक्तावरून मात्र ओळख पटत नाही. जिनं जन्मभर वाट पाहिली, तिचीच खूण इथं चालू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

"आता काय उपयोग? जखम कशाला उकरायची?" असं काहीजणी म्हणतात. पण ती जखम भरलेलीच नसते. अमेरिकेत पॉलिन बॉस या अभ्यासक बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस ना आहे, ना गेला, अशा अधांतरी दुःखात घर जागच्या जागी थिजतं, असं त्यांना दिसलं. रडावं तर आशा सोडल्यासारखं वाटतं, हसावं तर अपराधी वाटतं. कायदा सात वर्षं ठावठिकाणा न लागलेला माणूस मृत मानू शकतो. आपल्याकडे देह न मिळालेल्यांसाठी पालाशविधीही आहे. कुणाला त्यानं शांती मिळते, कुणाला नाही मिळत.

सगळ्यांनाच देह मिळतो असंही नाही. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे ३४०० मीटर खोल तळाशी त्याच्या अवशेषांची छायाचित्रं मिळाली. हाती काही आलं नाही, पण कुठल्या दिशेला हात जोडायचे एवढं तरी त्या घरांना कळलं.

मग आपण शेजारणींनी काय करावं? पहिलं म्हणजे, तिनं कुंकू लावावं की पुसावं, हे आपण ठरवू नये. "विसर आता" म्हणू नये, आणि "येतील हो" असा खोटा धीरही देऊ नये. त्यांचं नाव घेऊन बोलावं. नाव ऐकायला ती आसुसलेली असते. सणावाराला तिला आधी बोलवावं. घरात जवानाचा सेवा क्रमांक, पलटणीचं नाव, पत्रं, फोटो आणि पेन्शनचे कागद एका पिशवीत जपून ठेवायला मदत करावी, आणि त्यांच्या प्रती मुलांकडेही द्याव्यात. पत्ता बदलला तर रेकॉर्ड ऑफिसला कळवायला सांगावं. चाळीस वर्षांनी निरोप आला, तर तो पोचायला हवा ना! अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्यासोबत जावं. एकटीला तिथल्या पायऱ्या चढणं जड जातं.

आमच्या काकू आता नाहीत. त्यांच्याकडे निरोप आलाच नाही. पण त्या हळदीकुंकवानंतर दर चैत्रात त्या आमच्याकडे यायच्या, आईला पन्हं गाळू लागायच्या, आणि यजमानांना कैरीची डाळ किती आवडायची ते सांगत बसायच्या. आई हातातलं काम ठेवून ऐकायची. दरवर्षी तीच गोष्ट, पण तिनं कधी "माहीत आहे" म्हटलं नाही.