तबकडीची गोष्ट : 14
ओली रेकॉर्ड

सुईच्या आकारांबद्दल या वेळी लिहिणार होतो, ते पुढच्या आठवड्यात. सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते काही स्वस्थ बसू देत नाही. रेकॉर्डवर पाणी पसरून वाजवली की खरखर जाते म्हणतात, हे खरं का, असं ते विचारतात.

खरं आहे. मी पहिल्यांदा केलं ते चोरबाजारात घेतलेल्या एका ख्यालाच्या एलपीवर. नुसतं पाणी टाकलं तर त्याचे थेंब होऊन इकडेतिकडे पळाले. मग भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब पेलाभर पाण्यात घातला. आता मऊ ब्रशने पातळ थर नीट बसला. सुई ठेवली आणि मागचा तानपुरा ऐकू आला! त्या रेकॉर्डवर तो आहे हेच तोवर मला ठाऊक नव्हतं. विनाइलमधून वीज वाहत नाही, म्हणून कोरड्या हवेत त्यावर स्थिर विद्युत साचते, धूळ ओढते आणि टकटक आवाज करते. पाण्याने ती निघून जाते. 70 च्या दशकात युरोपात लेंकोक्लीन नावाची नळी मिळे. ती रेकॉर्ड फिरत असतानाच सुईच्या पुढे द्रव सोडत जाई.

आठवड्याने तीच एलपी कोरडी वाजवली, तर फोडणीत मोहरी तडतडावी तशी! खाचेतल्या धुळीचा पाण्याने चिखल झाला होता, सुईने तो भिंतींना लिंपला होता आणि तिथेच तो वाळला होता. एलपीच्या एका बाजूची खाच उलगडली तर 400 मीटरच्या पुढे जाते. एवढ्या लांबीचं लिंपण! ती रेकॉर्ड मी आजही ओलीच वाजवतो.

म्हणून चांगली रेकॉर्ड आधी धुवा, पूर्ण वाळवा आणि कोरडीच ऐका. धुताना कागदी लेबल मात्र सांभाळा. शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर असू द्या; गॅरेजवर स्वस्तात मिळतं. बोअरच्या पाण्यातले क्षार खाचेत बसतात. 78 च्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नका. तिच्यात लाख असते, आणि सुतार पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतात.

ओली वाजवायची ती झिजलेली आणि दुसरी प्रत मिळण्याची आशा नसलेली. माझ्याकडे अशा सात आहेत, कव्हरवर निळा ठिपका दिलेल्या. त्या लावताना आवाज कॉम्प्युटरवर भरून घेतो, म्हणजे पुन्हा पुन्हा भिजवाव्या लागत नाहीत.

आणि बाजू संपली की सुई मऊ ब्रशने मागून पुढे पुसा, नाहीतर पाणी दांडीवरून चढत आतल्या रबरापर्यंत जातं. ती दांडी, तो रबर आणि टोकावरचा हिरा, पुढच्या आठवड्यात नक्की.