‘खूप छान’च्या पलीकडे

ऑनलाइन कार्यशाळा संपत आली की चॅटमध्ये फॉर्मची लिंक पडते : ‘आपला अभिप्राय नोंदवा’. उत्तरं येतात, ‘खूप छान’, ‘उपयुक्त माहिती’, ‘धन्यवाद सर’. यात शिकणाऱ्यांची चूक नाही. प्रदर्शनाच्या दाराशी ठेवलेल्या अभिप्राय वहीत आपण हेच लिहीत आलो. अभिप्राय मागितला की यजमानाचं कौतुक करायचं, ही आपली रीत. म्हणून आधी फॉर्मचं नाव बदलावं. ‘काय जमलं, काय अडलं?’ असं वर लिहिलं की माणूस शिक्षकाऐवजी स्वतःच्या शिकण्याकडे पाहतो.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : आवडलं का, शिकलात का, कामात वापरता का, त्यानं फरक पडला का. आपले बहुतेक फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतात.

प्रश्नाचे शब्द किती काम करतात पाहा. ‘काही शंका?’ म्हटलं की सगळे गप्प, कारण शंका काढणारा एकटा पडतो. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर विद्यार्थ्यांना विचारत, आजच्या तासातला सर्वांत गढूळ राहिलेला मुद्दा कोणता? काहीतरी गढूळ राहणारच, हे या प्रश्नानं आधीच मान्य केलेलं असतं. लाज उरत नाही. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, ऑनलाइन तर अधिकच. तिथे कॅमेरे बंद असतात, कपाळावरची आठी दिसत नाही.

‘मांडणी आणि वेग योग्य होता का?’ हे दोन प्रश्न आहेत, ते वेगळे करावेत. पाचपैकी चार तारे म्हणजे नेमकं काय, हेही कळत नाही. एक्सेल शिकवलं असेल तर पर्याय असे द्यावेत : ‘उद्या एकट्यानं करेन’, ‘कुणी शेजारी बसलं तर जमेल’, ‘अजून कळलं नाही’. मोबाइलवर पाहिलं की संगणकावर, हेही विचारावं. मोबाइलवर तक्त्यातले आकडे वाचताच येत नाहीत आणि दोष मात्र शिकवण्याला लागतो.

प्रत्येक प्रश्नाला ‘अडलेला मुद्दा’, ‘वेग’, ‘साधन’ असं छोटं नाव द्यावं आणि दर कार्यशाळेत तेच ठेवावं. ‘प्रश्न ७’ पुढच्या फॉर्ममध्ये नववा झाला की जुनी उत्तरं ताडून पाहता येत नाहीत.

फॉर्म भरायला पाच मिनिटं सत्रातूनच काढावीत, निरोपानंतरची नकोत. नाव लिहिणं ऐच्छिक असावं. आणि पुढच्या सत्राची सुरुवात ‘मागच्या वेळी तुम्हाला हे अडलं होतं’ असं सांगून, तोच मुद्दा पुन्हा उलगडून करावी.