खेळण्यातलं भिंग, गटाचा कॅमेरा

 

आज आपण कॅमेऱ्याच्या भिंगाबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका. ही गोष्ट आपल्या कपाशीची आहे.

२०१७ साल आठवा. त्या वर्षी विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशीची काय दशा केली, हे कुणी नव्यानं सांगायला नको. ही अळी चोरासारखी येते. मादी पतंग पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंडं असतं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, चपटं, लांबट, पांढरट. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि आत शिरते. शिरल्यावर बोंडाचं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, आणि आत सरकी पोखरलेली. वेचणीच्या वेळी हातात कवडी कापूस आला की मग कळतं. तेव्हा कळून उपयोग काय?

शेतात सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? आपणच. निंदणाला आपण, वेचणीला आपण. झाडाच्या सगळ्यात जवळ आपले डोळे असतात. पण चाळिशी लागली की सुईत दोरा ओवता येत नाही, मग अर्ध्या मिलिमीटरचं अंडं कुठून दिसणार? इथे भिंग कामाला येतं.

महागडं भिंग कशाला हवं?

काही गटांकडे छोटा मिररलेस कॅमेरा असतो. कुणी जुना घेतलेला असतो, कुणाला भेट मिळालेला असतो. बैठकीचे, पापड-लोणच्याच्या मालाचे, हळदी-कुंकवाचे फोटो त्यावर छान येतात. पण त्याच्यासोबत आलेलं भिंग फार जवळचं टिपत नाही. फूल वीतभर अंतरावर आणलं की चित्र धूसर होतं. अगदी जवळचं टिपणारं खास भिंग बाजारात मिळतं, पण त्याची किंमत हजारोंच्या घरात जाते. तेवढ्यात बियाणं येईल.

म्हणून आपण खेळण्यातलं भिंग वापरायचं. यात कमीपणा काही नाही. आपल्या महाराष्ट्रात सिनेमाच उभा राहिला तो अशाच खटपटीवर. कोल्हापूरचे आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतःच घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. मग बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन तो पुरा केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट आला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं ते तानीबाई कागलकर या गायिकेनं. त्याआधी १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, तेव्हा सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडत होत्या. घरचं सांभाळून हे यंत्राचं काम त्या शिकल्या. तेव्हा 'यंत्र हे बायांचं काम नाही' असं कुणी म्हणालं, तर सरस्वतीबाईंचं नाव सांगा.

आरसा नाही, म्हणून सोय

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक आरसा असतो. त्याला हलायला जागा लागते, म्हणून भिंग बसवायची कडी आतल्या सेन्सरपासून ४४ ते ४७ मिलिमीटर लांब ठेवावी लागते. सेन्सर म्हणजे चित्र पकडणारी चौकोनी काच समजा. छोट्या मिररलेसमध्ये आरसाच नाही. त्यामुळे हे अंतर १६ ते २० मिलिमीटर एवढंच असतं. त्यामुळे खेळण्यातलं बारकं भिंगही सेन्सरपासून हव्या त्या अंतरावर बसवता येतं. जुन्या कॅमेऱ्यात ते जमत नाही.

आता भिंगाचं एकच गणित लक्षात ठेवायचं, ते म्हणजे त्याचं नाभीय अंतर. शब्द अवघड आहे, मोजणं सोपं. भर दुपारी खोलीत जा. खिडकीसमोरच्या भिंतीपाशी उभ्या राहा. भिंग भिंतीजवळ धरा आणि हळूहळू मागं आणा. एका जागी भिंतीवर बाहेरच्या झाडाचं उलटं, स्पष्ट चित्र उमटेल. तिथेच थांबा. भिंग आणि भिंत यांच्यातलं अंतर पट्टीनं मोजा. तेच नाभीय अंतर. पोरांनाही सोबत घ्या. उलटं झाड पाहून ती हरखून जातात.

कोणती भिंगं चालतात? एकदा वापरून टाकायच्या रिळाच्या कॅमेऱ्याचं प्लास्टिकचं भिंग साधारण ३० मिलिमीटरचं असतं. ते आपल्या कामाला उत्तम. घड्याळजी आणि सोनार वापरतात ती दहापट दाखवणारी लूप २५ मिलिमीटरची असते, तीही चालते. चंद्रपूरला महाकालीच्या जत्रेत मुलांसाठी दुर्बीण घेतो, तिचं पुढचं भिंग भिंतीवर चित्र पाडतं, पण त्याचं अंतर बरंच जास्त असतं, त्यामुळे नळी फार लांब होते. आणि तिचं डोळ्याकडचं भिंग मधे खोलगट असतं. त्यानं भिंतीवर चित्र पडतच नाही. ते बाजूला ठेवा.

दुप्पट करा, वीस वजा करा

वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर पडावी, असं हवं असेल तर भिंग सेन्सरपासून नाभीय अंतराच्या दुप्पट लांब बसवायचं. त्यातले साधारण २० मिलिमीटर कॅमेऱ्यातच आहेत. उरलेलं अंतर आपण नळीनं भरायचं. भिंग ३० चं असेल तर दुप्पट ६०, त्यातून २० गेले, नळी ४० मिलिमीटर. भिंग २५ चं असेल तर दुप्पट ५०, नळी ३०. आणि फूल भिंगापुढे तेवढ्याच दुप्पट अंतरावर, म्हणजे ६० किंवा ५० मिलिमीटरवर धरायचं. चार बोटांची रुंदी समजा.

याचा फायदा बघा. १७ मिलिमीटर रुंद सेन्सरचा, १६ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल, तर अर्ध्या मिलिमीटरचं अंडं चित्रात सुमारे १३० ठिपके रुंद येतं. पडद्यावर मोठं केलं की त्याचा आकार नीट दिसतो. मावा, फुलकिडे, पांढरी माशी ही तर याहून मोठी, ती आणखी स्वच्छ दिसतात.

आता बनवायचं कसं ते ऐका. कॅमेऱ्याच्या तोंडावर लावायचं प्लास्टिकचं झाकण वेगळं मिळतं, महाग नसतं. आपल्या कॅमेऱ्याच्याच मापाचं घ्या. झाकणाच्या मधोमध भोक पाडा. वीजवाल्याकडचा प्लास्टिक पाइपचा तुकडा किंवा काळ्या जाड कागदाची नळी त्यावर घट्ट बसवा. नळीच्या पुढच्या टोकाला भिंग लावा. नळी आतून काळी आणि चमक नसलेली हवी, नाहीतर उजेड आत आपटून चित्र पांढुरकं होतं.

भिंगाला लागून काळ्या कागदाची चकती लावा आणि तिला मधे ३ मिलिमीटरचं भोक ठेवा. हे भोक विसरू नका. स्वस्त भिंगाची कड प्रकाश नीट एका जागी आणत नाही, तिथून रंगीत झालर आणि धूसरपणा येतो. भिंगाचा मधला भागच शहाणा. भोकामुळे फक्त तोच वापरला जातो. हाँगकाँगमध्ये १९८२ मध्ये होल्गा नावाचा प्लास्टिकचा खेळण्यासारखा कॅमेरा निघाला. त्याचं धूसर, स्वप्नाळू चित्र आवडणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांना धूसरपणा हवा असतो. आपल्याला अंडं मोजायचं आहे, म्हणून आपल्याला भोक हवं.

या गोष्टी सांभाळा

पहिली, झाकण कॅमेऱ्यावर असताना भोक कधीच पाडायचं नाही. आधी काढा, भोक पाडा, कडा घासा, धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा.

दुसरी, झाकणाच्या मागच्या बाजूला काहीही बाहेर आलेलं नसावं. आत सेन्सर अगदी जवळ आहे, त्याला ओरखडा गेला तर कॅमेराच गेला.

तिसरी, धूळ. आपला भाग कोळशाचा. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोट फिरवलं तर काळं होतं. भिंग बदलायचं ते घरात, पंखा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून, आणि पटकन. आत तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीचे कण जातात. रबरी फुगा दाबून हवा मारा. सेन्सरला पदर लावायचा नाही.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. वापरून टाकायच्या कॅमेऱ्याला फ्लॅश असेल, तर तो घरी उघडू नका. आत वीज साठवणारा भाग असतो, त्यात ३०० व्होल्टच्या आसपास वीज राहते आणि सेल काढला तरी जोराचा झटका बसतो. फ्लॅश नसलेला घ्या, किंवा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून भिंग काढून घ्या. मुलांच्या हाती तर देऊच नका.

पाचवी, भिंग सूर्याकडे रोखायचं नाही. ज्या भिंगानं कागद पेटतो, त्यानं सेन्सर आणि डोळा दोन्ही जळतात.

आणि प्लास्टिकच्या भिंगाला फेविक्विकसारखा डिंक लावू नका, त्याच्या वाफेनं भिंगावर पांढरा पडदा धरतो. काळी चिकटपट्टी पुरे. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ कापूस, थिनर नको.

फोटो काढताना

या भिंगाला वीज जोडलेली नसते, म्हणून कॅमेऱ्याला वाटतं की भिंगच नाही, आणि तो फोटो काढायला नकार देतो. मेनूमध्ये 'भिंगाशिवाय शटर' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा. फोकस आपोआप होणार नाही. कॅमेरा पुढं-मागं सरकवून पडद्यावर चित्र स्वच्छ झालं की बटण दाबायचं. इतक्या जवळून एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा थर स्पष्ट येतो. म्हणून एकीनं फांदी धरावी, दुसरीनं कोपर गुडघ्यावर टेकवून कॅमेरा धरावा, आणि पाच-सहा फोटो काढावेत. नळी लांब झाल्यामुळे उजेड कमी पोचतो. कोवळ्या उन्हात, वारा पडलेला असताना, सावलीच्या बाजूनं पांढरा कागद धरून फोटो काढा. अंडी उघड्यावर क्वचितच असतात, म्हणून बोंडाखालची हिरवी पाकळी हळूच बाजूला करून बघा. फुलाच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसलं, तर ती डोमकळी. तीही टिपा आणि उघडून आतली अळी टिपा.

प्रत्येक फोटोत शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, नाहीतर वस्तू किती मोठी ते कळणार नाही. वहीत तारीख, शेत आणि झाडाचा भाग लिहा.

मैत्रिणींनो, एक गोष्ट नीट ऐका. फोटोत अंडं दिसलं म्हणून लगेच फवारणी नाही. अंडं दुसऱ्या किडीचंही असू शकतं. अमेरिकन बोंडअळीचं अंडं गोल आणि रेघारेघांचं असतं. फोटो कृषी सहायकांना पाठवा, त्यांना शेतात बोलवा. सोबत मोजणी ठेवा. टेहळणीला एकरी दोन कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा फुलं वा बोंडं किडकी निघाली, म्हणजे उपाय करायची वेळ आली. मोजणीनं किती ते कळतं, फोटोनं काय ते कळतं. दोन्ही हातात असले की दुकानदार म्हणेल ते औषध उचलावं लागत नाही, आणि नको ती फवारणीही वाचते.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, 'ताई, आमच्या गटाकडे कॅमेराच नाही, फक्त मोबाइल आहे.' काही हरकत नाही. तेच भिंग मोबाइलच्या भिंगासमोर चिकटपट्टीनं लावा आणि फूल नाभीय अंतरावर धरा, म्हणजे ३० चं भिंग असेल तर ३० मिलिमीटरवर. चित्र मिररलेसइतकं मोठं येणार नाही, पण मावा आणि फुलकिडे ओळखता येतील.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एक तरी भिंग आणावं. जुना चष्मा, पोरांचं खेळणं, काहीही. भिंतीवर झाडाचं चित्र पाडून अंतर मोजा आणि वहीत लिहा. ज्या भिंगाचं माप २५ ते ३५ मध्ये येईल, ते गटाचं. जुलै संपता संपता नळी तयार ठेवा. पात्या लागायच्या आधी भिंग हाताशी असलं, तर यंदा बोंडाच्या आत काय चाललंय हे वेचणीपर्यंत थांबून बघावं लागणार नाही.